इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाल्यावर मराठवाड्यात राहून पुढे काय करता येते?

प्रश्न – केजची विद्यार्थिनी

आदरणीय सर, मॅडम, ताई आणि दादा, सर्वांना नमस्कार.

मी केज तालुक्यातील एका खेड्यातली असून अंबाजोगाईच्या महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा मुख्य विषय इंग्रजी आहे. पहिलीपासून बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी वाचायला आणि लिहायला मला मनापासून आवडते, नाटक आणि कवितेच्या पेपरला गुणही चांगले मिळतात. मात्र चारचौघांत बोलायची वेळ आली की अजून अडखळायला होते.

घरची शेती कोरडवाहू आहे, सोयाबीन आणि तुरीवर वर्ष निघते. धाकटा भाऊ लातूरला नीटच्या शिकवणीला आहे आणि घरातला मोठा खर्च सध्या त्याच्या फीवर आणि खोलीभाड्यावर होतो. वडिलांनी मला शिकवायला कधीच नकार दिला नाही, पण आता त्यांनी सरळ विचारले आहे की, "अजून दोन वर्षं कसंही करून ओढतो, पण दोन वर्षांनी तुझ्या हातात काय असेल ते मला सांग." या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. नातेवाईक स्थळे सुचवू लागले आहेत. घरच्यांना ठोस उत्तर मिळाले तर ते थांबतील, असे मला वाटते.

महाविद्यालयात विचारले तर सगळे एम.ए. कर म्हणतात. मैत्रिणी बी.एड. म्हणतात, काही जणी पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करायची म्हणतात. पुण्याचा खर्च आम्हाला झेपणार नाही. इंग्रजी घेऊन पदवी मिळवलेल्या आपल्या भागातल्या लोकांनी प्रत्यक्षात पुढे काय केले आणि त्यातून पोट भरते का, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, नांदेड

तुमच्या वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर महाविद्यालयातील मंडळी सहसा देत नाहीत, म्हणून मी प्राध्यापकीच्या मार्गाबद्दलच लिहितो.

आपल्या भागात इंग्रजीच्या प्राध्यापकाला जो मान आहे, त्यामागे इतिहास आहे. निजामाच्या राजवटीत आणि त्यानंतरही काही वर्षे इथल्या मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झाले. मिलिंदमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी दलित साहित्याच्या चळवळीला वैचारिक पाया दिला, हे तुम्हाला कदाचित मराठीच्या पेपरात शिकवले असेल. इंग्रजी शिकलेला माणूस आपल्या समाजासाठी काय करू शकतो, याचे इतके मोठे उदाहरण या मातीत आहे, आणि म्हणूनच एम.ए. करण्याची तुमची ओढ मी कमी लेखणार नाही.

परंतु त्या पिढीला एम.ए.च्या गुणपत्रिकेवर नोकरी मिळत असे. १९९१ नंतर प्राध्यापक होण्यासाठी नेट ही देशपातळीवरची किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा आवश्यक झाली आणि आज सहायक प्राध्यापकासाठी एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ५० टक्के, आणि त्याशिवाय नेट किंवा सेट, हीच किमान पात्रता आहे. २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.ची सक्ती काढली, ती तुमच्यासारख्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. नेटला दोन पेपर मिळून ३०० गुण आणि तीन तास असतात. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिला वयाची अट नाही. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. सर्वसाधारण प्रवर्गाला त्यासाठी वयाची मर्यादा ३० वर्षे आहे. कायम पदावर लागलेल्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होते. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की हाच मार्ग धरावा.

प्रश्न पात्रता मिळाल्यानंतरचा आहे. एखादे प्राध्यापक निवृत्त झाले म्हणजे त्यांची जागा लगेच भरली जात नाही. महाविद्यालयाला कार्यभार, म्हणजे विषयाचे तास किती आहेत ते, तपासून घ्यावा लागतो, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार जागांची यादी, प्रमाणित करून घ्यावी लागते, उच्च शिक्षण सहसंचालकांकडून ना-हरकत मिळवावी लागते, मग जाहिरात निघते, मग विद्यापीठाच्या प्रतिनिधींसह निवड समिती बसते. या साखळीतली एक कडी अडकली की जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि तो वर्ग माझ्यासारखा माणूस तासिका तत्त्वावर घेतो. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच मानधन मिळते, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही, नेमणूक दर शैक्षणिक वर्षाला नव्याने होते आणि बिल मंजूर होऊन खात्यावर यायला काही महिने लागतात. माझे नेट आणि पीएच.डी. दोन्ही झालेले आहे. एका संस्थेत मुलाखत चांगली झाल्यानंतर मला खासगीत जी रक्कम सांगण्यात आली, ती आमची सगळी जमीन विकूनही उभी राहिली नसती. हे लिहिताना मला दुःख होते, पण तुमच्या वडिलांना ही बाजू माहीत असली पाहिजे.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलल्यापासून अनिवार्य इंग्रजीचे तास पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, त्यामुळे इंग्रजी विभागाचा कार्यभारही अनेक ठिकाणी घटला आहे. माझे मत असे आहे की एम.ए. जरूर करा, पण पहिल्या सत्रापासून नेटचा अभ्यास सुरू करा आणि एक मुदत ठरवून घ्या. त्या मुदतीत शिष्यवृत्ती किंवा कायम जागा मिळाली नाही तर तासिकेच्या आशेवर तरुणपणाची वर्षे घालवू नका. आमच्या विभागात चाळिशी ओलांडलेले, उत्तम शिकवणारे, संसार असलेले सहकारी जून महिन्यात नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत बसतात. मुलांना त्यांच्याविषयी अतिशय आदर आहे, आणि तरीही घरभाडे त्यांच्या पत्नीच्या पगारातून जाते.

उत्तर – जिल्हा परिषद शिक्षिका, वसमत

ताई, मी इंग्रजी घेऊन बी.ए. केले, मग बी.एड. केले आणि आता सहावी ते आठवीला शिकवते. सरांनी लिहिलेले सर्व खरे आहे. शाळेचा मार्ग त्यापेक्षा लांबीने कमी आहे, पण तिथेही थांबावे लागते, हे आधीच सांगते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि बारावीपर्यंत प्रत्येक शाखेला इंग्रजी अनिवार्य आहे. म्हणून शाळा कोणतीही असो, इंग्रजी शिकवणारा माणूस लागतोच. कला शाखेतल्या इतर काही विषयांची ही स्थिती नाही. बी.एड. दोन वर्षांचे आहे, प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. त्या अर्जातच इंग्रजी माध्यमासाठीची ईएलसीटी ही वेगळी चाचणी निवडता येते. तू ती नक्की दे, कारण इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचे तर तिची गरज लागते आणि अनेक मुली अर्ज भरताना तो पर्याय वगळून जातात.

सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर असतो. १५० गुणांपैकी ६० टक्के मिळवावे लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. त्यातला ६० गुणांचा मोठा भाग गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांचा आहे. इंग्रजीची पदवीधर असलीस तरी इतिहास-भूगोल पाठ्यपुस्तके काढून पुन्हा वाचावीच लागतील. फक्त भाषेच्या बळावर हा पेपर निघत नाही. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० प्रश्न आणि दोन तास, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून निवड. ही चाचणी दरवर्षी होत नाही, दोन चाचण्यांमध्ये वर्षे गेलेली आहेत, म्हणून जाहिरात आली की पात्रता हातात असली पाहिजे. "पुढच्या वेळी देऊ" असे म्हणणाऱ्या मैत्रिणी वयाच्या मर्यादेपाशी पोहोचल्या आहेत.

पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधन असते. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात २०,००० रुपये आहे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी लागते. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात, आणि मला स्वतःला वाटते की इंग्रजीच्या मुलीने नजर तिथे ठेवावी, कारण अकरावी-बारावीच्या प्रत्येक तुकडीला हा विषय असतो.

बोलताना अडखळतेस याची फार चिंता करू नकोस. माझ्या वर्गातली मुले तांड्यावरून येतात, ऊसतोडीच्या हंगामात काही जण आईवडिलांबरोबर निघून जातात आणि मार्चमध्ये परत येतात. त्यांना इंग्रजी शिकवायला सफाईदार उच्चारांपेक्षा ते कुठे अडतात हे ओळखणारी बाई लागते. मागच्या बाकावरचा मुलगा वाक्य वाचताना क्रियापदापाशी थांबतो, कारण मराठीत ते शेवटी येते आणि इथे मध्येच आलेले असते. मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षिकेला हे चटकन कळते.

उत्तर – बँक अधिकारी, लातूर

बँकेबद्दल थोडक्यात लिहितो. आयबीपीएस ही बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था आहे; तिच्या आणि स्टेट बँकेच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते आणि पूर्व परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र भाग असतो. आपल्या भागातली बहुतेक मुले याच भागात मागे पडतात, तिथे तुम्हाला आघाडी मिळेल. प्रोबेशनरी अधिकारी पदाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीतून वर्णनात्मक लेखनही करावे लागते. मात्र अंकगणित आणि तर्कक्षमता कच्ची राहिली तर ही आघाडी उपयोगी पडत नाही. ग्रामीण बँकांच्या पूर्व परीक्षेत तर इंग्रजीच नाही, केवळ तर्क आणि गणित आहे. दहावीचे गणित बरे असेल तर पदवीच्या शेवटच्या वर्षापासून तयारी सुरू करावी. त्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही, लातूर किंवा अंबाजोगाईच्या अभ्यासिकेत बसूनही परीक्षा निघते. माझ्या शाखेतील दोन सहकारी इंग्रजीचे पदवीधर आहेत आणि कर्जप्रकरणाची टिपणे आम्ही त्यांच्याकडूनच तपासून घेतो.

उत्तर – भाषांतरकार, छत्रपती संभाजीनगर

वरची तिन्ही उत्तरे उपयोगी आहेत. ज्या कामाचे नाव आपल्या महाविद्यालयांमध्ये कोणी घेत नाही, त्या कामाबद्दल मी लिहितो, कारण माझे घर त्यावर चालते.

मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून आपल्या शहरात आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि त्याशिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार येथील प्रकरणे इथे येतात. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठही इथेच आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात कामकाज मराठीत चालते, कागद मराठीत असतात. तेच प्रकरण खंडपीठापुढे आले की याचिकेसोबत जोडलेल्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे द्यावी लागतात. तहसीलदाराचा आदेश, पोलिसांचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, सातबारा, फेरफार, संस्थेने कर्मचाऱ्याला दिलेली नोटीस, असे कागद वकिलांच्या कार्यालयात दररोज येतात आणि मुदत बहुधा दुसऱ्या दिवसाची असते. हे काम पानावर मोजले जाते.

हे काम कसे असते ते एका उदाहरणाने सांगतो. अलीकडे परभणी जिल्ह्यातील वाटणीच्या एका वादातले कागद माझ्यासमोर होते. त्यात १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकाची, छायाप्रत होती, त्यानंतरचे हाताने लिहिलेले फेरफार होते आणि शेवटी संगणकीकृत सातबारा होता. जुन्या कागदात क्षेत्र एकर-गुंठ्यांत, नव्यात हेक्टर-आरमध्ये. नवशिका भाषांतरकार मदत करायची म्हणून एकराचे हेक्टर करून ठेवतो, आणि समोरचा वकील नेमके तेच बोट ठेवून भाषांतर अविश्वसनीय ठरवतो. कागदावर जे आहे तेच यावे लागते. भोगवटदाराच्या रकान्यातले नाव आणि इतर हक्कांच्या रकान्यातले नाव यांची जागा बदलली तर माणसाचा मालकीचा दावाच पालटतो. शिक्का कुठे आहे, सही कोणाची आहे, कोणती ओळ पुसट झाल्याने वाचता येत नाही, हेही भाषांतरात त्या त्या ठिकाणी लिहावे लागते. आपल्याकडचे निजामकाळातले बरेच कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. त्यांच्यासाठी जाणकार माणसाला बोलवावे लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा असे कागद वाचू शकणाऱ्यांची किती वानवा आहे, हे सगळ्यांच्याच ध्यानात आले.

या कामाला इंग्रजी साहित्याची पदवी थेट लागत नाही, पण लांब वाक्य धीराने वाचून त्याचा कर्ता आणि क्रिया शोधण्याची जी सवय त्या अभ्यासाने लागते, ती इथे रोज उपयोगी पडते. त्याहून अधिक उपयोगी पडते ते तुमचे गावाकडचे मराठी. इंग्रजी शाळेत शिकलेल्या शहरी मुलाला 'बांध कोरला', 'सामायिक विहिरीची पाळी', 'बटईने दिली' हे वाचून चित्र दिसत नाही. तुम्हाला ते दिसते.

यंत्राने भाषांतर होऊ लागले आहे, त्याची भीती अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालपत्रांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही प्रणाली आणली, खासगी साधनेही भरपूर आहेत. स्वच्छ टंकलिखित मजकुराचा पहिला खर्डा आम्हीही आता यंत्राकडून करून घेतो आणि त्यामुळे अशा पानांचा भाव उतरला आहे, हे मान्य करावे लागेल. पण हवालदाराने टॉर्चच्या उजेडात शेतात बसून लिहिलेला पंचनामा यंत्राला वाचता येत नाही, आणि वाचता आला तरी त्या भाषांतराखाली सही करून जबाबदारी घेणारा माणूस लागतोच.

सरकारी जागांविषयीही माहिती असावी. उच्च न्यायालयात भाषांतरकारांची पदे असतात, राज्याचे भाषा संचालनालय आहे, आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी कर्मचारी निवड आयोग हिंदी अनुवादकांची परीक्षा घेतो. तिला इंग्रजीतले एम.ए. चालते, मात्र पदवीला हिंदी विषय असावा लागतो आणि अनुवादाची पदविका किंवा दोन वर्षांचा अनुभव लागतो. अनुवादाची पदव्युत्तर पदविका इग्नू या मुक्त विद्यापीठातून घरी राहून करता येते. तुमच्या गुणपत्रिकेवर हिंदी आहे का ते पाहा आणि जाहिरातीतील अटीचे शब्द नीट वाचा.

आणखी एक सुचवतो. तीन वर्षांचे एलएल.बी. कोणत्याही पदवीनंतर सीईटी देऊन करता येते. खंडपीठात मराठी कागद आणि इंग्रजी युक्तिवाद या दोन्हींवर हुकमत असलेल्या ज्युनिअर वकिलांना मागणी आहे, आणि माझ्या ओळखीच्या इंग्रजीच्या पदवीधर मुली भाषांतर करत करत कायद्याचे शिक्षण पूर्ण करत आहेत. पहिली काही वर्षे मिळकत तुटपुंजी असते, पण हातात असलेले भाषांतराचे काम ती वर्षे निभावून नेते.

उत्तर – पर्यटक मार्गदर्शक, खुलताबाद

इंग्रजीचे आमच्यासारखेही पदवीधर आहेत. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा आहेत आणि परदेशी पाहुण्यांना माणूस लागतो. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, त्याप्रमाणे आमचा आठवडा ठरतो. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, उन्हाळ्यात दुसरे काम हवे. पर्यटन खात्याचे अधिकृत प्रमाणपत्र घेतल्याशिवाय या व्यवसायात येऊ नये. बोलण्याची भीती याच कामात सर्वात लवकर जाते, कारण समोरचा माणूस उत्सुकतेने ऐकत असतो. केजहून रोज हे जमणार नाही, म्हणून मी आग्रह करत नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवले.

उत्तर – शिकवणी चालवणारी, जालना

ताई, स्थळांचा तुझा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले.

बी.ए.चा निकाल लागण्याआधी माझे लग्न ठरले. सासरी विरोध नव्हता, पण रोज महाविद्यालयात पाठवणे त्यांना शक्य नव्हते. मी इग्नूतून एम.ए. केले, किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करायला तिथे चार वर्षांपर्यंत मुदत मिळते, ती मला बाळंतपणात फार कामी आली. मग इथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लागले. तिथे वेतनपत्रकावर एक रक्कम आणि हातात दुसरी, असा प्रकार होता आणि मूळ प्रमाणपत्रे शाळेने स्वतःकडे ठेवून घेतली होती. ती परत मिळवायला सासऱ्यांना दोनदा जावे लागले. म्हणून कळकळीने सांगते, खासगी शाळेत लागलीस तर नेमणुकीचे पत्र घे, पगार बँकेत घे आणि मूळ कागद कुणालाही देऊ नकोस, फक्त साक्षांकित प्रती दे.

आता मी घरीच शिकवणी घेते. आमच्या गल्लीतल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी शाळेत घातले आहे, पण गृहपाठाची वही उघडली की आईला त्यातले काही वाचता येत नाही. संध्याकाळी मुले माझ्याकडे येतात. दुपारी त्यांच्या आया येऊ लागल्या आहेत, त्यांना बँकेतला अर्ज, औषधाच्या बाटलीवरची सूचना आणि शाळेकडून आलेला मजकूर वाचता यायला हवा आहे. जून ते मार्च उत्पन्न चांगले असते, एप्रिल-मे कोरडे जातात. शिक्षणसेवकाच्या मानधनाइतके काही महिन्यांत होते.

माझे म्हणणे असे की स्थळ येणार असेल तर येऊ दे, पण "बी.एड. पूर्ण होईपर्यंत शिक्षण थांबणार नाही" हे वडिलांनी पहिल्याच बैठकीत सांगावे. नंतर सांगितलेल्या अटीला किंमत राहत नाही.

प्रश्नकर्ती – केजची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. ही सर्व उत्तरे मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवली. खासरा पत्रकाचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला, कारण आमच्या भावकीतला वादही तशाच कागदावर अडलेला आहे.

माझ्या गुणपत्रिकेवर हिंदी नाही, मराठी आणि इतिहास आहे, म्हणजे केंद्राची अनुवादकाची परीक्षा मला देता येणार नाही. माझा विचार आता बी.एड.कडे झुकतो आहे. शंका एवढीच आहे की आधी एम.ए. करावे की आधी बी.एड., आणि बी.एड.ची फी आम्हाला झेपेल का? भाषांतराची सवय आत्तापासून कशी लावावी, हेही सांगावे.

उत्तर – जिल्हा परिषद शिक्षिका, वसमत

आधी बी.एड. तुझ्या वडिलांनी दोन वर्षे दिली आहेत आणि दोन वर्षांनी हातात पात्रता आली, असे फक्त बी.एड.मुळेच म्हणता येते, एम.ए.नंतर तर पुन्हा बी.एड. किंवा नेट राहतेच. एम.ए. पुढे नोकरी करता करता बाहेरून होते, जालन्याच्या ताईंनी केले तसे. इतिहास तुझा विषय आहे, हे टीईटीच्या सामाजिक शास्त्रांसाठी चांगलेच झाले. बी.एड.च्या काळातच टीईटी दे, तिचे प्रमाणपत्र आता आजीवन वैध असते.

फीबद्दल: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्था स्तरावरच्या जागेवर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलास तर हा लाभ मिळत नाही, म्हणून कुणी "थेट प्रवेश देतो" म्हणाले तरी जाऊ नकोस. पर्याय भरताना अंबाजोगाई, बीड आणि लातूर इथली महाविद्यालये आधी टाक. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, त्यामुळे जाऊन-येऊन करणे परवडते.

उत्तर – भाषांतरकार, छत्रपती संभाजीनगर

उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकालपत्रे मोफत वाचता येतात. जमीन, सेवाविषयक आणि ग्रामपंचायतीच्या प्रकरणांतील निकाल निवडा, कारण त्यांतील वस्तुस्थिती तुम्हाला ओळखीची असेल, आणि त्यांत येणारे कायद्याचे ठरीव शब्दप्रयोग एका वहीत उतरवून घ्या. त्याच्या जोडीला घरातलाच एखादा फेरफार किंवा ग्रामसभेचा ठराव घेऊन त्याचे इंग्रजी करा. मराठी आणि इंग्रजी दोन्हींचे टंकलेखन शिका आणि शासकीय प्रमाणपत्र परीक्षा द्या. अंबाजोगाईत त्याच्या संस्था आहेत. वडिलांची हरकत नसेल तर भावकीच्या वादातले खासरा पत्रकच सरावाला घ्या. पण ते भाषांतर न्यायालयात देऊ नका, घरच्या माणसाने केलेल्या भाषांतरावर समोरचा पक्ष आक्षेप घेतो. त्यासाठी दुसरा भाषांतरकार पाहावा.

उत्तर – जिल्हा परिषद शिक्षिका, वसमत

एक गोष्ट लिहायची राहिली होती. शुल्कमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी हातात असावे लागते. निकालाच्या दिवसांत सेतू केंद्रावर फार गर्दी होते, त्यामुळे परीक्षा संपताच वडिलांना केजच्या तहसीलला अर्ज करायला सांग.